सातव्या घरची भाकर

विष्णुपंतांना मिळालेल्या शाली सटवाजीला तोंडपाठ होत्या. पहिली तपकिरी, तिला जरीचा काठ. दुसरी मोरपंखी. तिसरी पांढरी, ती पंतांनी लेकीला देऊन टाकली. अशा एकवीस. शाळेचा सतरा सप्टेंबरचा कार्यक्रम पंचवीस सालांत चार साल हुकला होता. एका साली ओढ्याला पूर आला, एका साली शाळेला मुख्याध्यापकच नव्हते, आणि दोन साल करोनात गेली. त्या चारही सालांचा सप्टेंबर सटवाजीला चांगला मानवला होता.

"दुसऱ्याच्या शाली मोजून ऊब येत आसती," केशरबाई म्हणायची, "तर आपल्याला थंडीत वाकळ कशाला लागली आसती?"

सटवाजी बायकोला उत्तर देत नसे. बासष्ट वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं, की खऱ्या बोलण्याला उत्तर नसतं आणि केशरबाई सहसा खोटं बोलत नाही.

गाव पिंपळटाकळी. हट्टा गावापासून तीन कोस आत, काळ्या रानात बसलेलं. गावात पंच्याऐंशी ओलांडलेली माणसं दोनच, सटवाजी खिल्लारे आणि विष्णुपंत. सटवाजीनं ग्रामपंचायतीत एकतीस वर्षं शिपाईगिरी केली. दवंडी दिली, झेंडावंदनाला खुर्च्या मांडल्या, घरपट्टीची बिलं दारोदार वाटली आणि त्यापायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पंतांनी तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केली आणि लोकांचे नमस्कार घेतले. सकाळी दोघं एसटीच्या थांब्यावर शेजारी शेजारी बसत. पंत त्याला 'सटवा' म्हणत, हा त्यांना 'पंत' म्हणे. पंत तंबाखूची डबी पुढं करत, हा चिमूट घेई. बघणाऱ्याला वाटावं, काय ही दोस्ती. आणि दोस्ती होतीच. पण दोस्ती आणि जळणं एकाच चुलीत धुमसू शकतं, हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

पंतांचे दात पाहूनसुद्धा सटवाजी जळायचा. ह्या वयात पंत हुरडा चावून खात. सटवाजीच्या तोंडात समोरचे दोन उरले होते आणि तेही एकमेकांशी बोलत नव्हते. पंतांची बायपास नांदेडला झाली तेव्हा गावानं दोन जिपा केल्या होत्या. सटवाजीचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं तेव्हा एकटा जावई आला, तोही डबा एसटीत विसरून. शाळेच्या कार्यक्रमात पंतांना हाताची खुर्ची, सटवाजीला सतरंजी. तसल्या खुर्च्या एकतीस वर्षं स्वतः सटवाजीनंच आणून मांडल्या होत्या. रिटायर झाल्यावर दुसऱ्यानं मांडल्या, एवढाच फरक.

पण दात, जिपा, खुर्ची ही वरवरची खरूज. आत जे दुखत होतं ते बापाचं होतं.

शाळेच्या मैदानात एक दगड होता. त्यावर कोरलेलं होतं: लेव्ही सत्याग्रही नरहरपंत. हे विष्णुपंतांचे वडील. आणि सटवाजीचा बाप, गावचा येस्कर ग्यानबा? त्याच्या नावानं गावात दगड नव्हता, म्हण होती. 'येस्कराच्या टोपलीनं गाव बुडवलं.' कुणी गुपित फोडलं की म्हणायचे, येस्कराची टोपली हायेस का? पोरं आईजवळ चहाडी करायची तेव्हा दुसरी पोरं तेच ओरडायची, अर्थ ठाऊक नसताना. घरपट्टीचं बिल द्यायला सटवाजी ज्या ओट्यावर जाई, त्या ओट्यावर कधी ना कधी ती म्हण त्याच्या कानावर पडलेली होती. म्हणणारा मग जीभ चावायचा. "तुला न्हाई रे म्हन्लं." म्हणजे त्यालाच.

म्हण जिच्यातून निघाली ती गोष्ट निजामाच्या राज्यातली, शेहेचाळीस सालची. लढाई संपली होती, पण लढाईच्या नावानं बसवलेली लेव्ही संपली नव्हती. लेव्ही म्हणजे सरकारनं एकरामागं ठरवून दिलेली ज्वारी, सरकारच्याच भावानं द्यायची. पिको न पिको. त्या साली ज्वारीवर चिकटा पडला. पीक आलं निम्मं आणि लेव्ही पुरती. गावानं अर्ज केला. वरून उत्तर आलं, पीक ठीक असल्याची सरकारची खात्री आहे. सरकारची खात्री हिंगोलीत बसून झाली होती.

तेव्हा नरहरपंत पुढं आले. त्यांच्याकडं गावाची पटवारकी होती, पण त्यांनी कागदावर खरं पीक लिहिलं, निम्मं, आणि गावाला सांगितलं, आता लेव्ही द्यायची नाही. ज्वारी पेवांत घाला.

पेव म्हणजे पांढऱ्या मातीत खणलेला खोल खड्डा, रांजणासारखा, तोंड लहान आणि पोट मोठं. आतून कडबा लावायचा, धान्य भरायचं, तोंड दगडानं बंद करून वर माती सारवायची. वरून कडब्याची गंज रचली की देवालाही पत्ता लागत नाही. पेवातल्या ज्वारीला एकच खोड. तिला वास लागतो, आंबूस, ओल्या मातीचा. भाकर थापली की तो वास घरभर होतो. म्हणून गावानं आण घेतली. सरकारची माणसं गावात असेस्तोवर कुणी पेवातला दाणा दळायचा नाही, कणगीतली ज्वारी पुरवून पुरवून खायची. आणि कुणी विचारलं तर सांगायचं, आमच्या गावात पेव हा प्रकारच नाही.

लेव्ही वसुलीचा अंमलदार, गिरदावर, आला, आठ शिपाई घेऊन. चावडीत तळ टाकला. घरं उपसली, कणग्या पाहिल्या, माळवदं ठोकून पाहिली. सात दिवस काही सापडलं नाही. आणि आठव्या दिवशी सापडलं.

कसं, ते विष्णुपंत सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, शाळेत सांगत. काय सांगत. आवाज असा, की पोरांच्या हातातली बिस्किटं तशीच राहत. "आणि मुलांनो, वारा फितूर झाला. कुठल्याशा चुलीवरचा वास वाऱ्यानं उचलला आणि थेट चावडीत नेऊन ठेवला. मग माझे वडील उठले. म्हणाले, पेवं गावाची आहेत, हुकूम माझा आहे, मारायचं तर मला मारा." पुढं फटके, जेल, नऊ महिने. टाळ्या. शाल.

मागं बसलेले म्हातारे एकमेकांकडं बघून हसत. वारा कसला, टोपली. पंत मोठ्या मनाचे म्हणून वारा म्हणतात.

सतरंजीवर बसलेला सटवाजी मनात म्हणे, वाऱ्याला बी गोष्टीत जागा हाय, माझ्या बापाला न्हाई. आणि आणखी एक गोष्ट त्याला खात असे. गोष्ट सांगताना पंत बरोबर त्याच्याकडंच बघत. शेकडो माणसांत, नेमकं त्याच्याकडं. डोळ्याला डोळा लावून. जसं काही म्हणत असावेत, बघ सटवा, कसा सांगतोय.

असं साल सालामागून गेलं. आणि यंदाच्या उन्हाळ्यात पंतांच्या घशाची गाठ काढली.

गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. उरली ती नुसती हवा, भात्यातून निघावी तशी. बातमी ऐकली तेव्हा सटवाजीला मनातून गोड वाटलं. त्याला त्याची लाजही वाटली. तो देवाला मानत नव्हता, नाही तर माफी मागितली असती. पण आठच दिवसांत तो पुन्हा जळायला लागला, कारण गावात जो तो पंतांच्या घशाची चौकशी करत होता. कुणी मध आणला, कुणी ज्येष्ठमध. एका माणसाचा आवाज जातो आणि त्याचंसुद्धा गावभर नाव होतं. सटवाजीला दोन साल झाली डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. कुणाच्या बापाला पत्ता होता?

ऑगस्टच्या शेवटी शाळेच्या सरिता मॅडम त्याच्या दारात आल्या. केशरबाई तूर निवडत होती. मॅडमनी ओट्यावरच बसकण मारली.

"आजोबा, यंदा लेव्हीची गोष्ट तुम्ही सांगाल का? पंतआजोबांना बोलायची मनाई आहे. आणि ते सगळं डोळ्यांनी पाहिलेले आता तुम्ही दोघंच."

सटवाजीनं उजवा कान पुढं केला. "पुन्हा म्हना."

मॅडमनी पुन्हा म्हटलं. आणि वर सांगितलं, "दगडाशेजारी आम्ही मोठा फलक लावतोय, सगळ्या नावांसकट. तुम्ही जे सांगाल ते त्याच्यावर रंगवायचं."

"सगळ्या नावांसकट," सटवाजी म्हणाला.

"हो."

मॅडम गेल्यावर तो ओट्यावरच बसून राहिला. केशरबाईनं सूप खाली ठेवलं. "काय झालं? आवाज गेला का तुमचा बी?"

मग त्यानं तिला ते सांगितलं, जे सात वर्षांचा असल्यापासून कुणालाच सांगितलं नव्हतं.

येस्कराची पाळी होती तेव्हा ग्यानबा गावाची राखण करायचा, सरकारी माणसांपुढं घुंगरकाठी घेऊन चालायचा, मेलेलं ढोर ओढायचा. त्याबदल्यात संध्याकाळी दारोदार जाऊन भाकर मागायची. बावीस घरं ठरलेली, त्यांचा क्रम ठरलेला. बाप पुढं काठी वाजवत, पोरगं मागं टोपली धरून. दारातली बाई वरून भाकर सोडायची, हाताला हात न लावता. ती टोपली घरी नेल्याशिवाय तिच्यातला तुकडा कुणी मोडायचा नाही. चार भावांच्या चुलींवर वाटे व्हायचे, मग खायचं. हा नेम होता, आणि बाप नेमाला पक्का.

"आठव्या दिवशी सातव्या घरची भाकर पडली," सटवाजी म्हणाला. "गरम होती. अन् वास आला. मी बापाला म्हन्लं, बा, ही पेवाची हाय. बाप म्हन्ला, चूप. मी म्हन्लं, मंग मी खाऊन टाकतो. भूक लागली व्हती. आन् मला त्यो वास आवडायचा. बाप म्हन्ला, वाट्याआधी खायचं न्हाई."

"मंग?"

"मंग चावडीपाशी गिरदावरानं हाक मारली."

गिरदावर हुशार होता. पंधरा वर्षं गावोगाव हिंडून त्याला कळलं होतं, की घरांची झडती घेत बसायची गरज नसते. गावातल्या प्रत्येक चुलीचा नमुना रोज संध्याकाळी एका टोपलीत जमा होतो. त्यानं टोपली मागवली. एक एक भाकर उचलली, मोडली, नाकाला लावली. सातव्या भाकरीला थांबला. "ये किसके घर की है?" आवाज चढवला नाही. ग्यानबा म्हणाला, "साहेब, टोपलीत पडली की सगळ्या माझ्याच."

तेव्हा चाबूक निघाला. एकेका फटक्याला तोच सवाल आणि तोच जवाब. सटवाजी रिकामी टोपली पोटाशी धरून उभा होता. त्याला तेव्हा अकरापर्यंतच मोजता यायचं, आणि त्यानं अकरापर्यंत मोजलं. मग नरहरपंत गर्दीतून पुढं आले. बारावा त्यांना बसला. विष्णुपंतांच्या गोष्टीत फटके बाराव्यापासून सुरू व्हायचे.

शिपायांनी पहारी ठोकून ठोकून सगळा गाव पाहिला आणि अकरा पेवं उकरली. ज्वारी गाड्या भरून गेली. वर गावाला जुर्माना. त्या हिवाळ्यात लोकांनी तरोट्याचा पाला खाल्ला आणि येस्कराला शिव्या दिल्या, कारण शिव्या द्यायला तोच समोर होता.

"घर कुनाचं?" केशरबाईनं विचारलं. "सातवं."

"नरहरपंताचं."

केशरबाईचा हात तुरीवरच राहिला.

"त्याहीला ठावं नसंल," सटवाजी म्हणाला. "त्यो माणूस खरा व्हता. बाईनं टाकली. घरच्यांना कणगीतली, टोपलीला पेवातली. तिला त्यात वावगं काय वाटनार? टोपलीत नेहमी तसंच पडायचं. कुनी बी तेच केलं आसतं. त्या दिशी तिनं केलं."

"अन् तुमच्या बानं नाव का न्हाई घेतलं?"

"म्हनायचा, ज्या घरचं खाल्लं त्याचं नाव मारात घ्यायचं न्हाई. माझ्याकडून शपथ घेतली. दीक्षेच्या साली टोपली जाळली, काठी मोडली. म्या म्हन्लं, आता तरी सांगू का? म्हन्ला, टोपली जळाली, शपथ न्हाई जळाली."

केशरबाईनं सूप उचललं, दोन वेळा पाखडलं. "बासष्ट साल माझ्याशेजारी बसून भाकर खाल्ली, अन् सातवं घर आज सांगून राहिले. बापाची लईच काळजी. बायकोची काही न्हाई."

"आता फलकावर नावं येनार हायेत. म्या सांगनार."

"सांगा. पर बापासाठी सांगा. शालीसाठी नका सांगू."

"एकवीस शाली घेतल्या त्यानं. वारा सांगून."

"तेच म्हन्ते मी," केशरबाई म्हणाली.

सतरा तारखेला सटवाजीनं पांढरंफेक धोतर नेसलं, खांद्यावर निळं उपरणं टाकलं. मैदान भरलं होतं. पंत पुढच्या रांगेत, हाताच्याच खुर्चीत, गळ्याला मफलर. यंदा खुर्चीवर उशीसुद्धा होती. सटवाजीनं ती पाहिली. त्याला वाटलं, आपण बोलणार म्हणून आपल्याला खुर्ची असेल. पण बोलणाऱ्याला माईक असतो, खुर्ची नसते. हेही त्याला आजच कळलं.

झेंडा झाला. टेबलावर नारळ आणि शाल. एकच शाल, हिरवी. सटवाजीनं तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. तीन वेळा बघितलं.

मग तो बोलायला लागला. पंतांसारखं बोलता येणार नाही ह्याची धास्ती होती, पण गोष्ट स्वतःच चालत होती. लेव्ही सांगितली, पेव सांगितलं. पोरं चुळबुळत होती, पण काठी आणि टोपली आली तशी गप्प झाली. मागचे म्हातारे पुढं सरकले. ज्या टोपलीवर ते हसत आले होते, ती कुणी तोंडानं अशी मांडली नव्हती.

"पहिलं घर माळी पाटलाचं," सटवाजी म्हणाला. "दुसरं त्याच्या भावाचं. तिसरं सोनाराचं. चौथं, पाचवं देवळाच्या बोळातलं. सहावं वाण्याचं."

आणि सातव्याला तो अडखळला.

समोर पंत होते. त्याच्याकडंच बघत होते, डोळ्याला डोळा लावून. तीच नजर, पंचवीस सालांची. फक्त आज माईक सटवाजीच्या हातात होता, आणि ती नजर त्याला पहिल्यांदाच खालून वर आल्यासारखी दिसली. त्याच्या तोंडात ते घर आलं होतं. बापाचा हात पाठीवर असावा तसं काहीतरी आडवं आलं. किती वेळ गेला कोण जाणे. चार श्वास असतील.

तेवढ्यात पंत उठले. काठी टेकत पुढं आले. सरिता मॅडम धावल्या, "आजोबा, बोलू नका," पण पंतांनी माईक स्वतःकडं ओढला. भोंग्यातून आधी नुसती हवा आली. मग शब्द आले, फाटके.

"सातवं घर आमचं. भाकर माझ्या आईनं टाकली. ग्यानबानं नाव घेतलं नाही."

एवढंच. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं मैदान उठलं. असल्या टाळ्या पंतांच्या एकवीस भाषणांना मिळून पडल्या नव्हत्या. मॅडम डोळे पुसत होत्या. म्हातारे डोळे पुसत होते. बायका म्हणत होत्या, केवढं मन हो, केवढं मन. सरपंच गहिवरून पुढं आले, टेबलावरची शाल उचलली आणि एवढ्या वर्षांच्या सवयीनं ती विष्णुपंतांच्या खांद्यावर घातली.

बावीस.

सटवाजी बाजूला उभा होता. अठ्ठ्याहत्तर सालं दाताखाली धरलेली गोष्ट त्या माणसानं एका दमात सांगून टाकली होती, ती पण आवाज नसताना. बापाचा कलंक गेला होता, हे त्याला कळत होतं. त्याला हलकं वाटायला पाहिजे होतं. त्याला हाणावंसं वाटत होतं.

कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या व्हरांड्यात पंतांनी त्याला गाठलं. शाल काढून हातावर घेतली होती.

"सटवा, घे. ही तुझी होती."

"दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं मी घेत न्हाई," सटवाजी म्हणाला. "टोपलीत जन्मभर तेच पडलं."

पंतांनी शाल पुन्हा हातावर टाकली. दोघं पायरीवर बसले.

"कवाधरनं ठावं तुला?" सटवाजीनं विचारलं. तोंडातून 'तुला' गेलं ते त्याच्या मागाहून ध्यानात आलं. सात वर्षांचे असताना गोट्या खेळताना तो त्यांना असं म्हणत असे. त्यानंतर आज.

पंतांनी ते ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं. "शहाऐंशी साली आई गेली. तिनं चाळीस वर्षं ज्वारी खाल्ली नव्हती. आम्हाला वाटायचं, काही व्रत असेल. जाताना सांगितलं."

"मंग वारा काहून सांगत व्हता?"

पंतांनी मफलर सैल केला. "भीती वाटायची. दगड काढतील. बाबांचा काही दोष नव्हता."

"माझ्या बापाचा व्हता व्हय?"

"नाही."

"पंचवीस साल माझ्याकडं बघून वारा सांगितला."

"मला वाटायचं, तू आता उठशील," पंत कुजबुजले. "दर साली वाटायचं. आज उठतो, आज सांगतो. तुला माहीत आहे हे तुझ्या तोंडावर दिसायचं. तू उठला असतास तर माझी सुटका झाली असती. तू बसूनच राहायचास. माझा राग राग व्हायचा, सटवा. वाटायचं, ह्याला हे पोटात ठेवणं जमतं कसं?"

सटवाजीनं त्यांच्याकडं पाहिलं. ज्याला तो आढ्यता समजत होता, ती सगळी वर्षं भीती होती. हे कळून त्याला थोडं बरं वाटलं. फार नाही. बापाच्या पाठीवरचे वळ आठवले आणि तेवढंही गेलं.

"टाळ्या मातर तूच खाल्ल्या," तो म्हणाला.

पंतांनी तंबाखूची डबी पुढं केली. डॉक्टरांनी त्यांना तंबाखू बंद केली होती. डबी भरलेली असायची ती ह्याच्यासाठी. सटवाजीनं ती पाहिली, घेतली नाही. मग थोड्या वेळानं घेतली.

ऑक्टोबरमध्ये फलक उभा राहिला. रंगवायला हट्ट्याहून रूपसिंग पेंटर आला. सटवाजी सकाळपासून समोरच्या एका धोंड्यावर ठाण मांडून बसला. दुपारपर्यंत गोष्ट रंगली: लेव्ही, चिकटा, अकरा पेवं. नावं आली. नरहरपंत. मग ग्यानबा संतराम खिल्लारे. रूपसिंग ब्रश पुसायला लागला तसा सटवाजी उठला. वीत लावली. नरहरपंत, एक वीत चार बोटं. ग्यानबाचं अख्खं नाव, आडनावासकट, एक वीत दोन बोटं, आणि अक्षरं उंचीला तांदूळभर कमी.

"बारीक झालं."

"बाबा, तुमचं नाव लांब हाये. जागेत बसवायचं तर बारीक करावं लागतं."

"मंग जागा वाढव. पुसून पुन्हा लिही."

रूपसिंगनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात पंत काठी टेकत आले. त्यांनी फलक वाचला, सटवाजीची वीत पाहिली, काय चाललंय ते त्यांना लगेच उमगलं. रूपसिंगकडं बघून त्यांनी हातानंच खूण केली, पूस. रूपसिंगनं घासलेटाचा बोळा घेतला आणि पुसलं. दुसऱ्यांदा लिहिलं ते दोन ओळींत. आता सटवाजीची वीत बरोबर आली. त्यानं तीनदा लावून पाहिली.

"आणि हे," रूपसिंग कागद बघत म्हणाला. "सातवं घर. इथं मॅडमनी जागा सोडलीये. काय लिहू?"

पंत पुढं झाले. "लिही. आईचं नाव लिही. मी सांगतो."

"न्हाई लिहायचं," सटवाजी म्हणाला.

"सटवा, माझी आई आहे. माझी हरकत नाही."

"माझी हाय. माझ्या बापानं अकरा फटक्यांत जे नाव घेतलं न्हाई, ते तू चार ओळींच्या रंगात घेतो व्हय? 'एका घरची भाकर' लिही. बास."

रूपसिंगनं दोघांकडं पाहिलं. पंतांचा मफलर सुटला होता, तो त्यांनी सावकाश गुंडाळला. रूपसिंगनं लिहिलं, एका घरची भाकर.

संध्याकाळी केशरबाई चुलीपुढं बसली होती. सटवाजीनं तिला सगळं सांगितलं, विती-बोटांसकट. तिनं भाकर परातीतून उचलून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"नाव लिहू न्हाई दिलं ते चांगलं केलं," ती म्हणाली. "पर एक सांगा. बापाच्या शपथंसाठी न्हाई लिहू दिलं, का त्या फलकावर पुन्हा त्याचंच कौतुक व्हईल म्हून?"

सटवाजीनं समोरच्या दोन दातांवर जीभ फिरवली.

"निम्मं निम्मं," तो म्हणाला.

"मंग बरं हाय," केशरबाईनं भाकर उलटली. "मला वाटलं, तुमी सुधारले."